खोताच्या वाडीचा खर्च कोणी सोसायचा?

डिसेंबर उजाडला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत खोताच्या वाडीचा एखादा फोटो हमखास येतो. रंगवलेले लाकडी घर, बाहेरच्या अंगाने वर चढणारा जिना, व्हरांड्यात टांगलेली कागदी चांदणी आणि खाली ओळ : मुंबईच्या पोटात दडलेले जुने गाव. मग कधीतरी बातमी येते की वाडीतले आणखी एक घर विकले गेले, आता तिथे इमारत उभी राहणार. चार दिवस हळहळ होते आणि दोष घर विकणाऱ्याच्या माथी मारून सगळे मोकळे होतात.

मला ही हळहळ मान्य नाही. वाडी टिकावी असे मलाही मनापासून वाटते. पण मूठभर कुटुंबांनी पदरमोड करून घरे सांभाळायची, जमिनीच्या भावावर पाणी सोडायचे आणि बाकीच्या शहराने येऊन फोटो काढायचे, ही व्यवस्था अन्यायाची आहे. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच. खोताची वाडी हा मुंबईचा वारसा असेल, तर त्याचा खर्चही मुंबईने उचलला पाहिजे. आणि मराठी समाजाने आधी हे मान्य केले पाहिजे की ही वाडी आपली आहे.

ज्यांनी वाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. चर्नी रोड स्टेशनवर उतरून गिरगावात शिरले की सेंट तेरेझा चर्चजवळ जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावरून एक बोळ आत जातो. बोळ इतका अरुंद की समोरून स्कूटर आली तर माणसाने कोणाच्या तरी ओट्याला चिकटून उभे राहावे. दोन्ही बाजूंना एकमजली-दुमजली घरे, एकमेकांना खेटून. दगडी जोते, वर सागवानी खांब, पुढे खोल व्हरांडा, लाकडी कठडे, झडपांच्या खिडक्या, कौलारू छप्पर आणि पागोळीखाली नक्षीदार लाकडी झालर. मुख्य रस्त्यावरच्या बसचा आवाज इथे पाचपन्नास पावलांत विरून जातो. एकेकाळी अशी ६५ घरे होती असे वाडीतले लोक सांगतात. आज ती तिसाच्याही आत आली आहेत.

अठराव्या शतकाच्या अखेरीला इथे बागायत होती. फणसवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी, झावबाची वाडी अशा गिरगावातल्या सगळ्याच वाड्यांचे मूळ तसेच. ही जागा दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थाची होती आणि त्याने ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या कॅथलिक, कुटुंबांना घरे बांधायला तिचे तुकडे दिले, असे सांगितले जाते. म्हणजे जमीन पाठारे प्रभूची, घरे कॅथलिकांची. पुढे याच वाडीत ‘अनंताश्रम’ ही माशांच्या जेवणासाठी नावाजलेली खाणावळ चालली, ती आता बंद झाली आहे. बटाट्याच्या वेफर्सचे जुने दुकान इथलेच आणि गिरगाव कॅथलिक क्लबही इथलाच. माझ्या मते गिरगावचा खरा स्वभाव या एका वाडीत जितका दिसतो तितका दुसरीकडे क्वचितच.

इथे एक गैरसमज आधी दूर करायला हवा. पर्यटकांना फिरवणारे लोक वाडीला सर्रास ‘पोर्तुगीज गाव’ म्हणतात. मुंबई बेट पोर्तुगीजांच्या हातून इंग्रजांकडे गेले ते १६६५ मध्ये. वसईचा किल्ला चिमाजी अप्पांनी जिंकला १७३९ मध्ये. वाडी वसली त्यानंतर कित्येक दशकांनी. ती वसवणारे लिस्बनहून आले नव्हते. साष्टी, वसई, ठाणे, उरण या उत्तर कोकणच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या शेती, मासेमारी, ताडी, मीठ आणि सुतारकीवर जगणाऱ्या लोकांचे ते वंशज. सोळाव्या शतकात त्यांच्या पूर्वजांनी ख्रिस्ती धर्म घेतला किंवा त्यांना तो घ्यावा लागला. आडनावे बदलली, देव बदलला. भाषा बदलली नाही. घरात बोलली जाणारी त्यांची बोली मराठीचीच, लग्नातली गाणी मराठीत, म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर लुगडे, आणि लग्नाआधी विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणायचा विधी आजही ‘उंबराचे पाणी’ याच नावाने होतो.

‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी घेतले १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात. त्या काळी गोव्याहून आणि मंगळुरूहून पुष्कळ ख्रिस्ती माणसे मुंबईत नोकरीसाठी येत होती. त्यांच्याहून आपण वेगळे, इथले मूळचे, हे सरकारदरबारी कळावे हा त्यामागचा हेतू. त्याच वर्षी बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशनची स्थापना झाली. भूमिपुत्र म्हणून आपली नोंद व्हावी, हा त्यांचा आग्रह मुंबईत पुढे झालेल्या भूमिपुत्रांच्या चळवळींहून कितीतरी जुना आहे.

आता आपल्या मनातले गिरगाव आठवून पाहा. गुढीपाडव्याची शोभायात्रा, केशवजी नाईक चाळीतला १८९३ चा गणपती, केळेवाडीतले साहित्य संघ मंदिर, चाळीच्या गॅलऱ्या, खानावळी, छापखाने. या चित्रात कॅथलिक शेजारी कुठे आहे? असलाच तर नाताळात केक देणारा पाहुणा म्हणून. ‘गिरगावातून मराठी माणूस हद्दपार होतोय’ ही ओरड मी वर्षानुवर्षे ऐकतो आहे आणि तीत तथ्यही आहे. चाळीतली माणसे डोंबिवलीला, बोरिवलीला, विरारला गेली. पण ही ओरड करणाऱ्यांच्या हिशेबात खोताच्या वाडीतून वसईला नाहीतर टोरांटोला गेलेले कुटुंब धरलेले नसते. तेही मराठी बोलणारेच होते.

ही विसराळू वृत्ती जुनी नाही, हे जास्त खटकते. मझगावच्या माथारपाखाडीत, म्हणजे खोताच्या वाडीच्याच जातकुळीच्या दुसऱ्या ईस्ट इंडियन वस्तीत, जोसेफ बॅप्टिस्टा राहत असत. लोकमान्य टिळकांचे ते निकटचे सहकारी. १९१६ मध्ये बेळगावात होमरूल लीग स्थापन झाली तेव्हा अध्यक्षपद बॅप्टिस्टांकडे आले. गिरणी कामगार, टपाल कामगार यांच्या संघटना बांधण्यात ते पुढे होते आणि १९२५ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले. लोक त्यांना ‘काका’ म्हणत. टिळकांच्या काळातल्या मराठी समाजाला या काकांचा धर्म आड आला नाही. शंभर वर्षांनी, २०२० च्या जानेवारीत भरलेल्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो निवडले गेले, तेव्हा मात्र ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत म्हणून काहींनी विरोध केला. फादर स्टीफन्सने १६१६ मध्ये ओवीबद्ध मराठीत ख्रिस्ताची कथा सांगितली होती आणि मराठीची थोरवी गायली होती, हे आपण शाळेत शिकतो. परीक्षा संपली की विसरतो.

घरांच्या प्रश्नात मी हे सगळे उगाच आणलेले नाही. सार्वजनिक पैसा कशावर खर्च होतो? समाज ज्याला ‘आपले’ मानतो त्यावर. किल्ल्यांच्या डागडुजीची मागणी होते, कारण किल्ले आपले वाटतात. खोताची वाडी ‘त्यांची’ वाटते, म्हणून तिच्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही, कोणी नगरसेवक सभागृहात आवाज चढवत नाही. शहरातल्या वास्तुप्रेमींनी आणि वाडीतल्या दोनचार चिकाटीच्या रहिवाशांनी काय ती लढाई लढवली. जी मते मागणाऱ्याच्या मोजणीत येत नाहीत, त्यांच्या घरांचेही काही मोजले जात नाही.

मुंबईने वारसा वास्तूंसाठी नियम केले ते १९९५ मध्ये, देशात सर्वांत आधी. त्याचा अभिमान जरूर बाळगावा. वास्तूंची प्रतवारी ठरली, समिती नेमली गेली, यादी निघाली. पुढे २००४ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनसला आणि २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक व आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. यांतल्या बहुतेक मोठ्या वास्तूंच्या मागे रेल्वे आहे, विद्यापीठ आहे, न्यायालय आहे. आर्ट डेकोच्या इमारतींत माणसे राहतात हे खरे, पण मरीन ड्राइव्हवरच्या रहिवाशाची आणि वाडीतल्या निवृत्त शिक्षिकेची ऐपत सारखी नसते. खोताच्या वाडीतल्या घरामागे कोणतीही संस्था उभी नाही. एक कुटुंब आहे, आणि पुष्कळदा त्या कुटुंबातले एकटे उरलेले वयस्क माणूस.

नियमावली वाचली तर तिच्यात दोन चांगल्या गोष्टी सापडतात. एक, वारसा वास्तूंच्या दुरुस्तीला मदत म्हणून आयुक्तांच्या हाताखाली वेगळा निधी उभारता येईल. दुसरी, वारसा म्हणून बंधन घातल्यामुळे मालकाला जे बांधकाम करता येत नाही, त्याच्या मोबदल्यात त्याला हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, देता येईल. तो हक्क विकासकाला विकून मालकाने घर सांभाळावे, ही कल्पना. तीस वर्षांपूर्वी हे लिहिणाऱ्यांना प्रश्नाचे मर्म नेमके कळले होते. बंधन घालायचे तर भरपाई द्यायची, हे तत्त्व त्यांनी कागदावर आणले. वाडीपर्यंत पोचले ते बंधन. भरपाईचे घोंगडे भिजतच पडले.

आणि बंधनही धड नाही. वारशाच्या खालच्या प्रतवारीत वास्तू पाडून नवी बांधायला परवानगी मिळू शकते. त्यामुळे ज्याला घर राखायचे आहे त्याला मदत मिळत नाही आणि ज्याला पाडायचे आहे त्याला अडवले जाईलच असेही नाही. घरे कशी जातात तेही पाहण्यासारखे आहे. जादा चटई क्षेत्र, म्हणजे भूखंडावर जास्तीचे बांधकाम, मिळणे हे रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असते. वाडीतल्या बोळाला लागून असलेल्या एकट्या भूखंडावर मनोरा चढत नाही. म्हणून वाडीच्या कडेचे घर शेजारच्या रस्त्यालगतच्या जुन्या इमारतीत मिळवून घ्यायचे आणि सगळे मिळून एक प्रकल्प करायचा, हा मार्ग विकासकाला सोयीचा पडतो. कडा कातरली गेली की तिच्या मागचे घर ‘कडेचे’ होते. शिवाय शेजारी खोल पाया खणला की लाकडी घराच्या जोत्याला तडे जातात, वर वीस मजले उठले की ऊन-वारा अडतो, ओल धरते. यादीत एकेक घर टाकून वाडी वाचत नाही, याचे कारण हे आहे. वाचवायचा असतो तो बोळ, दोन्ही बाजूंची घरे आणि भोवतालची उंची, सगळे एकत्र.

दुरुस्ती म्हणजे नेमके काय, हे लांबून बोलणाऱ्यांना कळत नाही. वाडीतल्या एका व्हरांड्याचा खांब बदलताना मी बराच वेळ उभा राहून पाहिला आहे. पूर्वी कोणीतरी जोत्यावर सिमेंटचा गिलावा मारला होता. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंटमध्ये ती कोंडते आणि लाकडात चढते. वरून खांब टणटणीत दिसत होता. सुताराने मोगरीने खालून ठोकत वर नेले, तेव्हा गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत भद्द आवाज आला. आधी छपराच्या तुळईला दोन टेकू दिले. मग कुजलेला भाग करवतीने कापला, वरच्या चांगल्या लाकडाला तिरकी खाच पाडली, त्याच मापाचा नवा तुकडा खालून बसवला आणि लाकडी खुंट्या मारल्या. तो ‘नवा’ तुकडाही जुनाच होता, गिरगावातल्याच कुठल्यातरी पाडलेल्या चाळीतून निघालेला सागवान. आजचे कोवळे सागवान त्या खांबाला पुरे पडत नाही, असे सुताराचे म्हणणे. एका खांबाला अख्खा दिवस गेला. अशा घराला असे कितीतरी खांब, त्यांवर तुळया, वासे, आणि दर पावसाळ्याआधी कौले चाळणे हे वेगळेच. हे काम जाणणारे सुतार कमी होत चालले आहेत आणि त्यांची मजुरी योग्यच आहे, म्हणजे चढी आहे. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाने हे कुठून करायचे? सिमेंट मारून तो वेळ निभावतो आणि पाचसात वर्षांनी तेच सिमेंट त्याचे घर खाते.

वारसाहक्काचा गुंता याहून अवघड आहे आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एकतृतीयांश आणि उरलेले मुलामुलींना समान. मुलींना समान वाटा देणारा हा कायदा न्यायाचा आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तीन पिढ्यांत एका घराचे पंधरा-वीस हिस्सेदार होतात. एक वाडीत राहतो, दोघे वांद्र्याला, एक वसईला, बाकीचे आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात. राहणाऱ्याने दुरुस्तीला पैसे घातले तर ते सगळ्यांच्या मालमत्तेत जातात, त्याच्या एकट्याच्या नाही. म्हणून तो घालत नाही. बाहेरच्यांना घराचा उपयोग नाही, हिश्शाचा आहे. तो मिळण्याचा सरळ मार्ग एकच, विक्री. घर विकणाऱ्यावर लोभाचा आरोप करण्याआधी हा हिशेब समजून घ्यायला हवा. त्या एका माणसाने इतरांचे हिस्से विकत घ्यायचे ठरवले तरी गिरगावच्या भावात ते कसे घेणार?

याच्या उलट बाजूने जे बोलले जाते ते मी हलके मानत नाही. गिरगावच्या चाळीत राहणारा माणूस म्हणतो, आम्ही सामायिक संडासापुढे रांगा लावून आयुष्य काढले, आमच्या पुनर्विकासाला विरोध करू नका. बरोबर आहे. मोडकळीला आलेल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारी उपकर भरणाऱ्या, चाळीतल्या भाडेकरूला स्वतंत्र न्हाणीघराचे, लिफ्टचे, पक्के घर मिळालेच पाहिजे. चाळ जपण्याच्या नावाखाली त्याला गळक्या खोलीत ठेवणे क्रूरपणाचे आहे. पण खोताच्या वाडीतली परिस्थिती ती नव्हे. इथली बहुतेक घरे राहत्या मालकांची आहेत, नीट दुरुस्त केलेले घर आजही राहायला उत्तम आहे, आणि ते पाडून जे उभे राहील त्यात गिरगावातला कोणी गरजू राहायला येणार नाही. गिरगावातल्या नव्या मनोऱ्यांतल्या घरांचे भाव पाहावेत. काही ठिकाणी तर मासे-मटण खाणाऱ्याला घर मिळेल की नाही याचीही शंका असते, आणि गिरगावात या विषयावर वाद झालेले आहेत. पिढ्यान्‌पिढ्या बोंबील सुकवत आलेल्या या भागाला हे सोसायचे का?

दुसरा आक्षेप असा की कोट्यवधींच्या जमिनीवर बसलेल्या खासगी मालकांना जनतेचा पैसा का द्यायचा? हा प्रश्न रास्त आहे, म्हणून मदतीला अट हवी. ज्याने दुरुस्तीसाठी निधी घेतला त्याने घर पाडणार नाही असा तीस वर्षांचा नोंदणीकृत करार करावा, आणि मध्येच मोडला तर सगळी रक्कम व्याजासह परत करावी. जमिनीचा भाव विकणाऱ्याच्या हातात पडतो. जो विकत नाही, त्याच्यासाठी तो भाव म्हणजे फक्त वाढता मोह आणि नातेवाइकांचा तगादा. शहराला त्याने विकू नये असे वाटत असेल तर शहराने त्याच्या बाजूने काही तरी ठेवायला नको का?

पैसा नाही हे उत्तर तर मुंबई महापालिकेने देऊच नये. तिचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींहून मोठा होता. तिसाच्या आतली घरे, त्यांत माथारपाखाडीची आणि वांद्र्याच्या रानवार या तशाच जुन्या वस्तीतली घरे मिळवली तरी दुरुस्तीचा आकडा त्यात दिसणारसुद्धा नाही. तिजोरीतून नको असेल तर आणखी सरळ वाट आहे. गिरगावात जे मनोरे उठतात, त्यांचे विकासक फंजिबल एफएसआयसाठी, म्हणजे ठरलेल्या मर्यादेवर मिळणाऱ्या जादा चटई क्षेत्रासाठी, अधिमूल्य भरतात. ज्या भागातून हा पैसा येतो त्याच भागातल्या वाड्यांसाठी त्याचा ठरावीक हिस्सा बाजूला काढावा. ज्या बांधकामामुळे वाडीचे आकाश आकसले, त्यातूनच तिच्या छपराचा खर्च निघावा, यात कोणावर अन्याय नाही.

टीडीआरचेही तसेच. भरपाई मूळ १.३३ च्या चटई क्षेत्र निर्देशांकाने (भूखंडाच्या किती पट बांधता येते त्या प्रमाणाने) मोजली आणि शेजारच्या उपकरप्राप्त इमारतीला पुनर्विकासात ३ मिळत असतील, तर वाडीतल्या माणसाच्या तोंडाला पाने पुसल्यासारखेच होईल. आजूबाजूला खरोखर जे मिळते त्याच्या प्रमाणात त्याला हक्क मिळावा, आणि प्रमाणपत्र ठरलेल्या मुदतीत हातात पडावे. वर्षानुवर्षे कार्यालयाच्या पायऱ्या झिजवायला लावणारी भरपाई ही भरपाई नसते. या पैशातून राहणारा वारस इतर वारसांचे हिस्से विकत घेऊ शकेल. विक्रीमागचे सर्वांत मोठे कारण त्यातूनच दूर होऊ शकते. वारस शोधण्याच्या कामात चर्चची मदत मोलाची ठरेल. बाप्तिस्म्याच्या आणि लग्नांच्या नोंदवह्या पॅरिशमध्ये, म्हणजे त्या त्या भागाच्या चर्चमध्ये, असतात, कोणाची मुलगी कुठे दिली हे तिथे लिहिलेले असते. महापालिका, पॅरिश आणि ईस्ट इंडियन संघटना यांनी एकत्र बसून घराघराचा मालकीपट तयार करणे, ही मला पहिली पायरी वाटते. त्याला कायद्यात बदल लागत नाही, मोठा पैसाही लागत नाही.

एका गोष्टीबद्दल सावध राहायला हवे. पैसा आणायचा म्हणून वाडीचे प्रदर्शन करू नका. पणजीच्या फोंतेन्यासमध्ये काय झाले ते गोव्यात जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. एकमेकांना भिंती लावून उभी असलेली, लाल-निळी-पिवळी रंगवलेली घरे. पर्यटक दारात, खिडकीत, पायऱ्यांवर बसून फोटोशूट करतात आणि रहिवासी हात जोडून पाट्या लावतात की ही घरे आहेत, आत माणसे राहतात. फोंतेन्यास पाडले गेले नाही, ही मोठी गोष्ट आहे आणि त्याबद्दल गोव्याचे कौतुकच करावे. पण दुपारी घरात आजारी माणूस झोपलेले असताना ओट्यावर प्री-वेडिंगचा कॅमेरा लागत असेल, तर तिथे राहायचे कोणी? घरांचे कॅफे आणि होम-स्टे झाले की भिंती टिकतात, शेजार जातो. खोताच्या वाडीचे मोल तिच्या झालरींपेक्षा तिच्या शेजारात जास्त आहे. नाताळात गव्हाणीपुढे उभी राहणारी आणि भाद्रपदात आरतीला टाळ्या वाजवणारी मुले एकाच बोळात क्रिकेट खेळत वाढली. समोरच्याला ताप आला तर खिडकीतून कळायचे. हे सगळे तिथे माणसे राहतात म्हणून आहे. म्हणून मदतीची आणखी एक अट असावी. निधी राहत्या घरालाच मिळावा. ज्या घराचा धंदा झाला त्याने आपली दुरुस्ती धंद्यातून करावी.

मेट्रो तीन आता गिरगावाखालून धावते. तिच्या स्थानकासाठी इथल्या इमारती गेल्या, माणसांना हलावे लागले, आणि स्थानक झाल्यावर आसपासच्या जमिनीचा भाव आणखी चढणार हे सांगायला जाणकार नको. वाडीवरचा दबाव यापुढे वाढत जाईल. मालकीपटाचे काम याच वर्षी हाती घेतले, निधीचे आणि टीडीआरचे नियम लगेच अमलात आणले, तर उरलेल्या घरांतली बरीचशी वाचू शकतात. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत पुढे चालणाऱ्या, गिरगावच्या मराठीपणाची शपथ घेणाऱ्या सर्व पक्षांच्या नेत्यांना माझा थेट प्रश्न आहे : तुमच्या गिरगावात ही घरे येतात की नाही? येत असतील तर महापालिकेच्या पुढच्या अर्थसंकल्पात त्यांच्या नावाची तरतूद दिसली पाहिजे, आणि ती मागणारा पहिला माणूस खोताच्या वाडीतला असायची वाट पाहू नका.